पाटी

आमच्या गाडीच्या पाटीवर आता गाव नाही.
पूर्वी असायचं. दोन अक्षरं वाचली की कळायचं,
हा दोबोयचा, हा तुझ्लाचा,
आणि हॉर्न मारून माणूस विचारायचा,
काय म्हणतायत तुमच्याकडचे आलुबुखार?

मग तीच दोन अक्षरं
माणसाच्या कपाळावर येऊन बसली.

युद्ध संपलं. नदी होती तिथेच राहिली,
पाट्या मात्र तीन तऱ्हेच्या झाल्या.
पलीकडे जायचं तर रेषेपाशी गाडी सोडायची,
शंभर पावलं चालायची
आणि पलीकडच्या पाटीची टॅक्सी करायची.
कुणी पाटीला चिखल फासायचं.
कुणी पाना घेऊन मक्यात शिरायचं
नि दुसरीच पाटी ठोकून बाहेर यायचं.
ओस्तोया आणि रमिझ तर
एकमेकांच्या पाट्या उसन्या न्यायचे,
वाटीभर साखर न्यावी तशा,
आणि संध्याकाळी पुसून परत करायचे.

माझी आई पलीकडे पुरलेली.
अकरा किलोमीटर. सहा वर्षं.

अठ्ठ्याण्णव साली बाहेरून आलेल्या साहेबांनी फर्मान काढलं:
सगळ्यांना एकच पाटी, गाव नको,
अक्षरं फक्त अशी, जी दोन्ही लिप्यांत
तशीच लिहितात आणि तशीच म्हणतात.
सोपं नव्हतं ते.
आमच्याकडे एकाचा प दुसऱ्याचा र असतो,
एकाचा ह दुसऱ्याचा न.
चाळून चाळून सात उरली.
आ, ए, य, क, म, ओ, त.
एवढ्या सातांवर आमचं एकमत.

मला मिळाली: तीन आकडे, क, तीन आकडे.
खिडकीतली बाई म्हणाली, सही करा.
यावरून काय कळतं, मी विचारलं.
गाडी आहे एवढं कळतं, ती म्हणाली.

पहिल्या रविवारी पुलावरून गेलो.
पोरं नेहमीच्या जागी, मुठीत दगड.
मी गाडी हळू केली. म्हटलं, वाचा.
त्यांनी वाचलं. एकानं पुन्हा वाचलं,
ओठ हलत होते त्याचे, धडा अडल्यासारखे.
दगड होता, हात होता,
पण उचलायचा कुणावर ते पाटी सांगेना.
आरशात दिसेनासा होईपर्यंत तो तसाच उभा.

कोरी पाटी म्हणू नका मात्र.
आडनाव हुंगल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.
आता लोक बघतात आरशाला काय लटकतंय,
रेडिओवर कोणतं गाणं,
पाटीभोवतीच्या चौकटीवर कुठल्या गावचं गॅरेज.
मी ती चौकट काढून टाकली. आरसाही मोकळा.
आणि खरं सांगू? पुढे गाडी दिसली
की मीही वाकून बघतो.
तुम्हीही मघापासून बघताय,
हा म्हातारा कुठल्या बाजूचा.
आईचं नाव सांगितलं तर कळेल. म्हणून सांगत नाही.

हल्ली शेजारच्या सीटवर नात असते. एमा.
तिन्हीकडच्या घरांत चालेल असं नाव शोधायला
लेकीनं नि जावयानं दोन महिने घातले,
निघालं ते त्याच सातांतलं.
रस्ता लांब असला की तिचा खेळ सुरू,
येत्या-जात्या पाट्यांवरची अक्षरं वेचून शब्द करायचे.
ताता म्हणजे बाप. ओको, डोळा. तेत्का, मावशी.
काल ओरडली, मायका!
आई.
शेवटचा आ तिला कोबीच्या ट्रकवर सापडला.

आता तुझा डाव, आजोबा.
मला एकच शब्द दिसत होता.
यामा. खड्डा.
जंगलात अजून सापडतात ते, बर्फ वितळलं की.
चार अक्षरं, दोन्ही लिप्यांत तंतोतंत तशीच.
मी गिअर बदलला.
माक, म्हणालो. खसखशीचं लाल फूल.
तीनच अक्षरं! ती म्हणाली, हरलास.

पंपावर थांबलो. पाटी चिखलानं भरली होती.
हल्ली त्याला दंड होतो.
अंगठा ओला करून
मी तेवढा क पुसून काढला.